वाफेची भांडी: निवड कोणाची, नाव कोणाचे?

(वस्तीपातळीवरील स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या सत्राचा विषय फळ्यावर लिहिलेला आहे: 'वाफेची भांडी आणि यंत्रे कशी विकत घ्यावीत?' दोघी-तिघींनी मला विचारले, हा काय चळवळीचा विषय झाला? हिंसाचार आहे, रेशन आहे, घरभाडे आहे, आणि तुम्ही कुकर आणि मोदकपात्रावर बोलणार?

मला वाटते, हा चळवळीचाच विषय आहे. १९६६ साली मुंबईत नऊ गृहिणी एकत्र आल्या आणि त्यांनी 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था सुरू केली. ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये, म्हणजे कायद्याच्या वीस वर्षे आधी या बायका भेसळ आणि वजनमापातली फसवणूक मोजत होत्या. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या बरोबरीच्या कार्यकर्त्यांनी महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त आघाडी उभी केली. हातात थाळ्या आणि लाटणी घेऊन हजारो बायका रस्त्यावर आल्या. स्वयंपाकघरातली वस्तू रस्त्यावर आली की तिचे राजकारण सगळ्यांना दिसते. ती ओट्यावर असतानाही तिच्यात राजकारण असते, पण तेव्हा ते कोणी मोजत नाही. आज आपण तेच मोजणार आहोत.

'स्टीमर' म्हटल्यावर आपल्यातल्या वयस्कर कोकणी बायकांना आधी आगबोट आठवते. ती आठवणही या विषयात बसते. मुंबईत १८५० च्या दशकात वाफेवर चालणारी कापडगिरणी आली आणि आगगाडीही आली. पुढे कोकण किनाऱ्यावर आगबोटी सुरू झाल्या. त्या बोटींनी कोकणातला पुरुष गिरणीत आणला आणि बाई मागे राहिली: शेत, गोठा, म्हातारी माणसे, मुले आणि मनीऑर्डरची वाट. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली, सहाशेच्या वर माणसे गेली. किती घरांतली चूल त्या दिवशी पेटली नसेल! सांगायचे एवढेच की वाफेने जग बदलले असे इतिहासात लिहितात, पण त्या बदलाचे ओझे कोणाच्या डोक्यावर आले हे लिहायचे राहून जाते. स्वयंपाकघरातल्या वाफेचेही तसेच झाले आहे.

वाफ म्हणजे काय?

खरेदीला जाण्याआधी एवढे समजून घेऊ. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. त्याखाली कितीही जाळ केला तरी उघड्या भांड्यातले पाणी त्याहून तापत नाही, जादा उष्णतेने फक्त वाफ होते. उकळी आल्यावरही गॅस मोठा ठेवतो तेव्हा आपण अन्न लवकर शिजवत नसतो, गॅस जाळत असतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. ही सगळी उष्णता वाफेत साठलेली असते. वाफ मोदकाच्या पारीवर आदळून तिचे पुन्हा पाणी होते, तेव्हा ती उष्णता पारीला मिळते. म्हणून वाफेवर पदार्थ कोरडा न पडता शिजतो. आणि म्हणूनच वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट असतो, कारण तीच उष्णता आपल्या कातडीला मिळते. झाकण उघडताना ते आपल्यापासून दूरच्या बाजूने आधी उचलायचे, तोंड भांड्यावर न्यायचे नाही. हे आपल्या आज्या सांगत होत्या, त्यामागचे शास्त्र हे आहे.

चाळण, फडके, मोदकपात्र

वाफेवर शिजवणे आपल्याला कोणत्याही कंपनीने शिकवलेले नाही. नागपंचमीला चिरणे-तळणे वर्ज्य म्हणून पुरणाची दिंडे उकडायची, गणपतीला उकडीचे मोदक, कोकण-गोव्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या, फणसाची सांदणे, खानदेशात डाळीचे फुनके, घरोघरी अळूवडी आणि कोथिंबीरवडी. यासाठी पातेल्याच्या तोंडाला फडके बांधले जायचे किंवा आत चाळण ठेवली जायची. या सगळ्या युक्त्या बायकांनी शोधलेल्या आहेत. त्यांची पेटंटे कोणी घेतली नाहीत.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की वर्षातून चार वेळा उकडायचे असेल तर नवे काही घेऊ नका. घरातले खोल पातेले, त्यात बसेल अशी स्टीलची चाळण, खाली एक वाटी किंवा तिवई आणि घट्ट झाकण, एवढे पुरते. पाणी चाळणीच्या खाली दोन बोटे राहिले पाहिजे. झाकणाला फडके गुंडाळले की थेंब पदार्थावर पडत नाहीत. नेहमी लागत असेल तरच मोदकपात्र किंवा इडलीपात्र घ्या, आणि घेताना पुढच्या गोष्टी दुकानातच पाहा. तळ सपाट आहे का, हाताने दाबल्यावर लवतो का? झाकण हलते का? कडी किंवा मूठ रिव्हेटने बसवलेली आहे की नुसत्या डागाने चिकटवलेली? चाळणीच्या कडा बोटाला कापतात का? घासताना कोपऱ्यात हात जातो का? हा शेवटचा प्रश्न दुकानदार कधीच सांगत नाही, कारण भांडे घासणारी तो नसतो.

कुकर: आधी खूण, मग चकाकी

दाबाखाली वाफ कोंडून शिजवण्याची युक्ती जुनी आहे. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनला हाडे मऊ करणारे भांडे दाखवले आणि ते फुटू नये म्हणून त्याला सुरक्षा झडप बसवली. आपल्याकडे १९१० मध्ये कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी 'ईकमिक कुकर' तयार केला. तो दाबाचा नव्हता. डब्यासारखे एकावर एक पुडे, खाली पाणी आणि कोळशाची मंद धग. सकाळी लावून जावे, काही तासांनी भात, डाळ, भाजी तयार. घरापासून दूर राहणाऱ्या एकट्या पुरुषांना तो फार उपयोगी पडला. यातली गंमत पाहा. पुरुषाला स्वतःचे स्वयंपाक करायची वेळ आली, तेव्हा समोर उभे राहावे लागू नये असे साधन चटकन मिळाले!

आजचा प्रेशर कुकर आपल्या देशात १९५० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. त्यात हवेच्या दाबावर आणखी सुमारे एक किलो दर चौरस सेंटिमीटर दाब येतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. तूरडाळ, हरभरा, राजमा यांचा वेळ त्यामुळे निम्म्याहून कमी होतो. इंधन वाचते. लाकूडफाट्याच्या धुरात बसणाऱ्या बाईच्या फुप्फुसांनाही त्याचा फायदा होतो. कुकरविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. प्रत्येक घरात तो असावा, चांगला असावा.

चांगला म्हणजे कसा? 'आयएसआय' चिन्ह पाहा. त्याच्या वर 'आयएस २३४७' हा मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसते चिन्ह छापणे सोपे आहे, म्हणून क्रमांक पाहायचा. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तो क्रमांक घातला की परवाना कोणाचा आहे ते कळते. आपल्या गटातल्या एका मुलीने हे शिकून घेतले तरी सगळ्या वस्तीचे काम होते. घरगुती प्रेशर कुकरला हे चिन्ह सक्तीचे करणारा केंद्र सरकारचा आदेश २०२० मध्ये निघाला आणि फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. चिन्ह नसलेला कुकर विकणे बेकायदा आहे. तरी आठवडी बाजारात तो स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवरही मिळत होता. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे कुकर विकू देणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांवर दंडाचे आणि ग्राहकांचे पैसे परत करण्याचे आदेश काढले.

बाकीची तपासणी हाताने करा. झाकणातली वाफेची नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का पाहा. ही सवय रोजची हवी, भाताचे एक शीत अडकले तरी नळी बंद होते. सुरक्षा झडप त्याच कंपनीची, जागेवर घट्ट आहे का पाहा. कुकर कोरडा पडला किंवा नळी बंद झाली, तर ही झडप उडून वाफ सोडते. ती एकदा उडाली की नवीच बसवायची, खिळा ठोकून किंवा नाणे लावून भोक बुजवायचे नाही. तसे केलेले कुकर मी वस्तीत पाहिले आहेत. तो कुकर राहिला नाही, बॉम्ब झाला. रबरी रिंग कडक झाली, चिरली की बदला. रिंग, शिट्टी आणि झडप कुकरच्याच कंपनीची घ्या. भांडे दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका, फेस येणारी डाळ असेल तर निम्म्यावर थांबा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा. आणि शिट्टी उचलून बघितल्यावर वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकणाशी झटापट करू नका.

पावती घ्या. 'पावती घेतली तर कर लागेल' असे दुकानदार सांगतो. पावती नसेल तर उद्या दाद मागायची कशावर? तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, वकीलही लागतोच असे नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची.

वेळ वाचला, तो गेला कुठे?

आता जरा वेगळे बोलू. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर एका कुकरची जाहिरात लागायची. आपल्यापैकी कितीतरी जणींना ती अजून पाठ असेल. तिचा मथितार्थ असा की ज्याचे बायकोवर प्रेम आहे, तो हा कुकर घ्यायला नाही कसा म्हणेल! म्हणजे खरेदी नवऱ्याची, प्रेम नवऱ्याचे, कुकर बायकोला, आणि शिजवलेले अन्न पुन्हा नवऱ्याला. त्या जाहिरातीत नवरा कुकर घेऊन देतो. कुकर लावतो असे कुठे दाखवले नव्हते.

अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ मध्ये घरकामाच्या यंत्रांच्या इतिहासावर पुस्तक लिहिले. त्यांनी दाखवले की यंत्रे आली तसे घरातल्या पुरुषांचे, मुलांचे आणि नोकरांचे काम कमी झाले, पण गृहिणीचे तास फारसे कमी झाले नाहीत. कपडे धुणे सोपे झाले तसे कपडे रोज धुण्याची अपेक्षा तयार झाली. आपल्याकडे काय वेगळे आहे? कुकरमुळे वरणभात वीस मिनिटांत झाला. मग त्याच वेळात दोन भाज्या, कोशिंबीर, मुलाचा वेगळा डबा आणि सासऱ्यांचे बिनमिठाचे आले.

आकडे सरकारचेच आहेत. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या शंभर बायका-मुलींपैकी ८१ जणी रोज घरात बिनमोल काम करत होत्या, पुरुषांपैकी २६ जण. जे करत होते त्यांच्यातही बाईची २९९ मिनिटे होती आणि पुरुषाची ९७. २०२४ मध्ये तेच सर्वेक्षण पुन्हा झाले. बाईची २८९ मिनिटे झाली आणि पुरुषाची ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे कमी झाली, म्हणून टाळ्या वाजवाव्यात तर पुरुषांचीही नऊ कमी झाली! गॅस आला, कुकर आला, मिक्सर आला, पण वाटणी तीच राहिली. यंत्र काम हलके करते, कामाची वाटणी मात्र माणसांनाच करावी लागते. म्हणून दुकानात विचारायचा पहिला प्रश्न 'केवढ्याला?' असला, तरी घरात विचारायचा पहिला प्रश्न 'वापरणार कोण?' हा असला पाहिजे. 'तू' असे एकच उत्तर आले, तर ती वस्तू भेट नाही, ते वाढीव काम आहे.

फरशीची वाफ आणि कपड्यांची वाफ

आता वाफेने फरशी, ओटा, गादी साफ करणारी यंत्रे आली आहेत. इस्त्रीऐवजी टांगलेल्या कपड्यावर वाफ सोडणारीही आहेत. आपल्यातल्या अनेकींना ती विकत घ्यायची नाहीत, पण दुसऱ्याच्या घरी ती वापरावी लागणार आहेत. म्हणून घरकामगार मैत्रिणींनी हे नीट ऐका.

वाफ चिकट तेलकटपणा मऊ करते हे खरे आहे. पण तोंडातून निघालेली वाफ हवेत चटकन थंड होते, म्हणून ती जवळ धरून एका जागी थोडा वेळ ठेवावी लागते. जाहिरातीत एकदा फिरवले की सगळे चकचकीत होते, तसे होत नाही. वाफेने मऊ झालेला मळ शेवटी फडक्याने पुसावाच लागतो, आणि ते फडके धुवावेही लागते. पॉलिश न केलेले लाकूड, रंगवलेली भिंत, विजेची बटणे यांवर वाफ मारायची नाही. बोअरवेलचे जड पाणी घातले तर आत क्षार धरतात आणि यंत्र बंद पडते. मग 'बाईने बिघडवले' असे ऐकावे लागते. म्हणून पाणी कोणते घालायचे हे मालकिणीकडून आधी विचारून घ्या आणि चौघांसमोर विचारा.

दीड हजार वॅटचे यंत्र ४० मिनिटे चालले की विजेचे एक युनिट होते. ते साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढते, म्हणून चाळीतल्या जुन्या वायरिंगच्या लहान प्लगवर ते लावू नका. तीन पिनांचा मोठा प्लग आणि अर्थिंग हवेच. ओल्या पायांनी, ओल्या फरशीवर, विजेचे यंत्र आणि हातात वाफ! घरकामगाराला हे काम सांगणाऱ्यांनी पायात रबरी चप्पल आणि हातमोजे दिले पाहिजेत, वापर शिकवला पाहिजे. भाजले तर औषधाचा खर्च आणि भरपगारी रजा कोण देणार हे कामाच्या बोलणीत आधीच यायला हवे. संघटनेने हा मुद्दा घ्यावा अशी माझी सूचना आहे.

नाकात वाफ घेण्याच्या यंत्राबद्दलही सांगते. २०२०–२१ मध्ये करोनाच्या भीतीने घरोघरी ती घेतली गेली. वाफेने सर्दीत थोडे बरे वाटते, पण विषाणू मरत नाही. त्या काळात भांड्यातले उकळते पाणी अंगावर सांडून मुले भाजल्याच्या घटना वाढल्याचे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी नोंदवले होते. लहान मुलाला उकळत्या पातेल्यावर वाकवून वाफ देऊ नका.

मोडीतला बंब, दिवाणखान्यातला बंब

तिसरी खरेदी जुन्या वस्तूंची. तांब्याचा बंब, पितळी मोदकपात्र, जुने ईकमिकसारखे डबे, यांना आता 'अँटिक' म्हणून मोठा भाव आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात स्वयंपाकघरातली किती भांडी, किती विळ्या मांडून ठेवल्या आहेत! अहमदाबादला १९८१ पासून 'विचार' नावाचे भांड्यांचेच संग्रहालय आहे. ती पाहायला जरूर जा. पण पाहताना एक लक्षात ठेवा: ज्यांनी ती चिंचेने घासली, ज्यांचे हात त्यावर काळे झाले, त्यांची नावे पाटीवर नसतात.

आपल्याकडे काय झाले? स्टील आले तसे बायकांनी तांबे-पितळ मोडीत घातले. घरातली अडचण, मुलाची फी, आजारपण आले की पहिले जायचे ते बाईचे भांडे. ते वजनावर गेले. आज तेच भांडे दुकानात नक्षीच्या भावाने उभे आहे. म्हणून जुने भांडे विकायचेच असेल तर वजनाच्या भावावर पटकन देऊ नका. दोन-तीन ठिकाणी दाखवा, त्यावर कोरलेले नाव आणि साल वाचा. आणि शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो, तेव्हा कोणी परदेशी पाठवण्याची भाषा केली तर सावध राहा. विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की तांब्या-पितळेच्या आत कल्हई शाबूत नसेल तर त्यात आंबट पदार्थ शिजवायचा नाही. शोभेची वस्तू शोभेलाच ठेवा.

आणि दारावर येणारी बोहारीण! जुन्या साड्या घेऊन स्टीलचे पातेले देणारी बाई. तिच्याशी आपण एका वाटीसाठी तासभर घासाघीस करतो. पण डोक्यावर हारा घेऊन ती दारोदार फिरते, मिळालेले कपडे धुऊन-शिवून पुन्हा विकते. वापरलेल्या कपड्यांचा एवढा मोठा व्यवहार या बायकांच्या डोक्यावर चालतो. दुकानात छापील किमतीला मुकाट्याने पैसे देणाऱ्या आपण तिच्याशी मात्र भांडतो. खरेदीत आपण कोणापुढे वाकतो आणि कोणाला वाकवतो, तेही पाहायला हवे.

भांडे कोणाचे?

आता मी ज्यासाठी आले आहे ते सांगते. वीस-पंचवीस वर्षे सल्ला केंद्रात बसल्यावर एक गोष्ट पक्की कळली. मार खाऊन, मुलाला कडेवर घेऊन, नेसत्या साडीनिशी बाहेर पडलेली बाई पहिल्या आठवड्यात न्याय, पोटगी असे शब्द वापरत नाही. ती म्हणते, "ताई, माझी भांडी तिथे राहिली." कारण भाड्याची खोली घेतली तरी शिजवायचे कशात?

अशाच एका बाईने आमच्यापुढे यादी ठेवली होती. कुकर, इडलीपात्र, पाण्याचे पिंप, बारा ताटे. पोलीस चौकीत तिला हसले. "बाई, कुकरसाठी केस करता काय?" नवरा म्हणाला, सगळे माझ्या पैशाचे. पावत्या तिच्याकडे नव्हत्या. पण तिच्या मावशीने आहेरात दिलेल्या कुकरवर दुकानात नाव घातलेले होते: तिचे माहेरचे नाव, मावशीचे नाव आणि लग्नाची तारीख. पिंपावर मामाचे नाव होते. त्या चार ओळींपुढे नवऱ्याचे बोलणे टिकले नाही. कोर्टाच्या आदेशाने संरक्षण अधिकाऱ्यांसोबत जाऊन तिने सामान आणले. कुकरची शिट्टी तेवढी त्यांनी काढून ठेवली होती! ती तिने आपल्या पगारातून नवी घेतली.

कायदा काय सांगतो ते ऐका. लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर माहेरच्यांनी, सासरच्यांनी, नवऱ्याने, मैत्रिणींनी बाईला जे दिले ते तिचे स्त्रीधन. १९८५ मध्ये प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सासरी राहायला गेल्याने स्त्रीधन सामाईक होत नाही. ते सासरच्यांच्या ताब्यात असले तरी मालकी तिचीच, आणि मागितल्यावर परत न देणे हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ खाली दंडाधिकारी स्त्रीधन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. हुंडाबंदी कायद्याखालचे १९८५ चे नियम सांगतात की लग्नातल्या भेटींची लेखी यादी करावी, वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने ठेवावी आणि त्यावर सह्या असाव्यात. चाळीस वर्षे झाली, अशी यादी केलेली लग्ने तुम्ही किती पाहिली?

मी हुंड्याची बाजू घेत नाही. 'मुलीला संसार द्या' या नावाखाली बापाला कर्जात घालणारी प्रथा मोडलीच पाहिजे. १९८० च्या दशकात 'स्टोव्हचा भडका उडाला' या एका वाक्याखाली किती सुना जाळल्या गेल्या हे आपण विसरलेलो नाही. त्याच ओट्याशी उभी राहणारी बाई त्या ओट्यावरच्या कशाचीच मालकीण नसते, हे दुखणे मी सांगते आहे. ज्या घरात कुकर तिचा नाही, त्या घरात खोली तिची नसते, घर तर नसतेच.

भांड्यावर नाव घालण्याची आपली पद्धत फार चांगली आहे. पण दुकानदार विचारतो, "नाव कोणाचे घालू?" आणि आपणच नवऱ्याचे किंवा मुलाचे सांगतो. स्वतःच्या भिशीच्या पैशाने घेतलेल्या पातेल्यावरही! यापुढे स्वतःचे सांगा. लग्नात बदललेले नाव घालायचे की जन्माचे, ते तुम्ही ठरवा, पण नाव तुमचे असू द्या.

एवढे करू या

शिबिरातून जाताना पाच कामे घेऊन जाऊ. एक, प्रत्येकीने या महिन्यात आपल्या वस्तूंची यादी करायची: वस्तू, कोणी दिली, कधी. तिची एक प्रत माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवायची, मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे. दोन, नव्या वस्तूची पावती स्वतःच्या नावाने घ्यायची. तीन, गटातर्फे एकत्र खरेदी करायची. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून एकत्र खरेदी करून घराघरांत वाटप करते आहे. दहा कुकर एकदम घेतले तर दुकानदार खूण आणि परवाना क्रमांक दाखवायला नाही म्हणत नाही. चार, कुकरची रिंग, झडप, प्लगची वायर बदलायला शिकायचे आणि शिकवायचे. पाच, हे सगळे घरातल्या मुलग्यांनाही शिकवायचे, आणि शिकवून झाल्यावर ओट्यापासून बाजूला व्हायचे. तो भात गिचका करील. करू द्या. आपणही पहिल्यांदा केला होता.

कोणी अडचणीत असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आहे, आणि आपले केंद्र आहेच. आता प्रश्न विचारा. आणि ज्यांनी घरून कुकरची झाकणे आणली आहेत त्यांनी ती पुढे आणा, नळ्या साफ आहेत का ते एकेक करून उजेडात धरून पाहू.